काकांचा तराफा आणि झाकलेलं छिद्र

॥ श्री गुरुभ्यो नमः ॥

*साप्ताहिक अभ्यास पाठ : कुटुंब गटांसाठी*



या महिन्याचा विषय आहे 'घरातल्या माणसासोबत केलेली सेवा'. गटातल्या ताईंनी मला लिहायला सांगितलं तेव्हा मी दोनदा टाळलं. सांगण्यासारखी सेवा माझ्याकडे एकच आहे आणि तिच्यात माझी चूकही आहे. चूक वगळून लिहायला बसलो तर पाठात काही उरेना. म्हणून जसं झालं तसं लिहितोय.

पाठ थोडा लांब आहे. रविवारी उपासना झाली, पोह्यांच्या बशा हातात आल्या, की एकाने मोठ्याने वाचावा आणि बाकीच्यांनी ऐकावा. शेवटी मुलांसाठी बाटल्यांचा एक प्रयोग दिलाय, तो त्यांच्याकडून नक्की करून घ्या.

*तराफा कुठला?*

आपण इंदूरकर नळ उघडतो आणि नर्मदेचं पाणी भरतो. सत्तरच्या दशकाच्या शेवटापासून जलूदहून हे पाणी उचलून, डोंगर चढवून आपल्यापर्यंत येतंय. त्यामुळे मैय्या आपल्याला कधी लांबची वाटत नाही. माझे काका तर निवृत्त झाल्यावर थेट तिच्या काठावरच राहायला गेले. ते फिटर होते. धार जिल्ह्यात धरमपुरीच्या बाजूला, उत्तर तटावर आमची थोडी जुनी शेती आहे, तिथे दोन खोल्या बांधून काका-काकू राहतात.

शेताच्या कडेने एक नाला नर्मदेला मिळतो. परिक्रमेचा नियम आपल्याला माहीत आहे, नर्मदा ओलांडायची नाही. पण तिला मिळणारे नाले आणि नद्या ओलांडल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. चातुर्मासात परिक्रमावासी एका जागी थांबतात आणि कार्तिकात देवउठनी एकादशीनंतर पुन्हा चालू लागतात. तोवर आमच्या नाल्याचं पाणी उतरलेलं असायचं आणि दगडांवर पाय ठेवत पलीकडे जाता यायचं.

२०१९ च्या सप्टेंबरात सरदार सरोवर पहिल्यांदा १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरलं. त्याचं पाणी मागे मागे येत आमच्या नाल्यातही शिरलं. याच पाण्यात काठावरच्या कितीतरी लोकांची घरंदारं गेली, त्यापुढे आमची पायवाट म्हणजे काहीच नाही. पण तेव्हापासून पाऊस चांगला झाला की ऐन थंडीतसुद्धा ती वाट पाण्याखाली असते. वळसा घालून पूल गाठायचा म्हणजे तीन किलोमीटर जास्त. तरुणांना ते काहीच वाटत नाही. पण सत्तरीतली आजी, पाठीवर झोळी आणि हातात कमंडलू घेऊन भर उन्हात नाल्याशी येऊन थबकते, ते काकूंना रोज ओट्यावरून दिसायचं.

काकांकडे एक जुना तराफा होता. तीसेक वर्षांपूर्वी त्यांनी आणि माझ्या बाबांनी मिळून बनवलेला. २०० लीटरची आठ लोखंडी पिंपं आडवी, चार-चारच्या दोन रांगांत, त्यावर सागाची चौकट आणि फळ्या. नाल्याच्या दोन्ही काठांवरच्या झाडांना दोर ताणून बांधायचा आणि तोच दोर हाताने ओढत पलीकडे जायचं. पावसाळ्यात शेतावर खत न्यायला त्याचा उपयोग होई. पुढे कधीतरी तो गोठ्यामागे गेला आणि तिथेच राहिला. बाबा आणि काकांचं बोलणंही त्याच सुमारास जेवढ्यास तेवढं झालं. आम्हा मुलांना एवढंच सांगितलेलं की शेताच्या वाटणीवरून काहीतरी झालं.

गेल्या कोजागिरीला काकांचा फोन आला. "अरे, रविवारी मोकळा असतोस का? तराफा काढायचाय. आता एकट्याने पिंप हलत नाही माझ्याने."

*ठोकून बघणं*

पहिल्या रविवारी मानपूरचा घाट उतरून मी पोचलो तो रंगाचे दोन डबे घेऊनच. काका हसले. म्हणाले, "रंग शेवटी. आधी ऐकायला शीक."

त्यांनी लहान हातोडी घेतली आणि एकेका पिंपावर बोटभर अंतराने हळूहळू ठोकत गेले. पत्रा चांगला असला की आवाज खणखणीत येतो. आतून गंजून पातळ झाला असला की आवाज बसका येतो, भद्द. जिथे भद्द आवाज आला तिथे खडूने खूण केली. तीन पिंपं खुणांनी भरून गेली. बाहेरून ती तिन्ही चांगली दिसत होती, कारण कधीकाळी त्यांच्यावर जाड रंग बसला होता. जास्त गंजलेलं दिसणारं एक पिंप मात्र आतून ठणठणीत निघालं.

मी म्हटलं, "वेल्डर बोलावून भोकं बुजवून टाकू ना." काका एकदम गंभीर झाले. हे सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे, म्हणून नीट लिहितो. बंद पिंपात पूर्वी तेल, डांबर, थिनर असं काही असेल तर रिकामं झाल्यावरही त्याची वाफ आत राहते. वर्षं उलटली तरी पत्र्याला चिकटलेला थर उष्णतेने पुन्हा वाफ सोडतो. अशा पिंपाला वेल्डिंग किंवा गॅसकटर लावला तर ते बॉम्बसारखं फुटतं. रिकामं पिंप भरलेल्यापेक्षा जास्त धोकादायक असतं, हे काका नोकरीत शिकले होते. घरी, गच्चीवर, दुकानात कोणी जुन्या पिंपाची शेगडी किंवा टाकी करून घेत असेल तर त्यांनाही हे सांगा.

मग आम्ही इंदूरच्या बाजारातून तीन जुनी निळी प्लॅस्टिकची पिंपं घेतली. आत आधी काय भरलेलं होतं ते विचारून, लेबल वाचूनच घेतली. तीन वेळा धुतली आणि धुतलेलं पाणी नाल्यात न सोडता लांब खड्ड्यात जिरवलं. बोल्ट जस्ताचा मुलामा असलेले घेतले. बोल्टसाठी भोकं पाडायची ती फक्त लाकडात, पिंपात एकही नाही. पिंपं चौकटीला रुंद पट्ट्यांनी बांधली. तारेने बांधलं की लाटेच्या हलण्याने तार पिंपाला कापत जाते. फळ्यांना जवसाचं तेल दोनदा पाजलं आणि दोन फळ्यांमध्ये पाणी निथळायला फट ठेवली.

असे अकरा-बारा रविवार गेले. त्यात आम्ही फार काही बोललो असं नाही. "पाना दे", "इकडून धर", "चहा झाला का बघ", एवढंच. पण मला आठवत नाही की त्याआधी मी घरातल्या कोणाही मोठ्या माणसासोबत सलग चार तास एका कामात बसलो होतो.

*किती माणसं बसवायची?*

हा हिशोब काकांनी माझ्याकडून फळीवर खडूने करून घेतला. आर्किमिडीजचं तत्त्व शाळेत सगळ्यांनीच पाठ केलंय, इथे ते वापरायचं होतं. पिंप जेवढं पाणी बाजूला सारतं तेवढ्या वजनाला ते उचलून धरतं. २०० लीटरचं पिंप पूर्ण बुडालं तर साधारण २०० किलो उचलेल. म्हणजे आठ पिंपं १६०० किलो.

मी लगेच म्हणालो, "म्हणजे वीस माणसं आरामात!"

काका म्हणाले, "पिंप अर्ध्याच्या वर बुडू द्यायचं नाही. उरलेलं अर्धं लाटेसाठी आणि माणसांच्या चुकीसाठी."

म्हणजे ८०० किलो. त्यातून पिंपांचं स्वतःचं वजन साधारण १३० आणि चौकट-फळ्यांचं २५० वजा केलं. राहिले ४२०. एक ओढणारा आणि चार प्रवासी, झोळ्यांसकट. बस. वीसचे पाच झाले.

अजून एक गोष्ट त्यांनी सांगितली. तराफा बुडतो कमी, उलटतो जास्त. एका कोपऱ्यातलं पिंप पाण्याने भरलं तरी बाकीची सात मिळून तराफा तरंगतो. पण तो कोपरा खाली जातो, माणसं घाबरून सरकतात ती उताराकडे, वजन तिथेच गोळा होतं आणि मग सात चांगली पिंपंही वाचवू शकत नाहीत.

आपल्यातले जे २०२५ च्या महाकुंभाला प्रयागराजला जाऊन आले, ते पीपे के पुलावरून चाललेले आहेत. तिथेही हाच हिशोब असतो. म्हणून तर गर्दीला थांबवत थांबवत सोडतात.

*मी काय केलं*

तराफा रथसप्तमीला पाण्यात सोडायचं ठरलं होतं. माघ शुद्ध सप्तमी म्हणजे नर्मदा जयंतीही. मी उत्साहाने आपल्या गटात संदेश टाकला, इंदूरहून पंचवीस जण येणार, परिक्रमावासींना प्रसाद द्यायचा आणि तराफ्याने नाला पार करवायचा. गटात हात जोडलेल्यांची रांग लागली.

आदल्या रविवारी शेवटची तपासणी होती. पिंपाच्या लहान बुचातून सायकलच्या पंपाने अगदी थोडी हवा भरायची आणि शिवणीवर साबणाचं पाणी लावायचं. जिथून हवा निसटते तिथे बुडबुडे येतात. काका काकूंना घेऊन दवाखान्यात गेले होते, म्हणून मी एकटाच करत होतो. सात पिंपं ठीक निघाली. आठवं, कोपऱ्यातलं, ज्याचा आवाज खणखणीत आला होता तेच, खालच्या कडेच्या शिवणीवर एक बारीक बुडबुडा देत होतं. टाचणीच्या टोकाएवढा.

त्याच पिंपाच्या वरच्या बुचाचा रबरी वॉशरही मी नवा लावला नव्हता. एक वॉशर कमी पडला होता, म्हणून जुनाच उलटा करून बसवला होता.

काकांना सांगितलं असतं तर ते पिंप काढायला लावणार, म्हणजे सगळी चौकट सोडायची, म्हणजे रथसप्तमी हुकणार. पंचवीस जणांना कळवावं लागणार. मी छिद्रावर पुट्टी दाबली, सुकल्यासारखी वाटल्यावर वरून रेड ऑक्साइड मारला आणि खडूने बरोबरची खूण केली. संध्याकाळी काकांनी विचारलं, "आठही झाली?" मी म्हणालो, "झाली."

मी खोटं बोललो असं त्या वेळी मला वाटलंच नाही. तपासून तर आठही झाली होती.

*रथसप्तमीची सकाळ*

काकांनी आदल्या संध्याकाळीच शेजारच्यांच्या मदतीने तराफा पाण्यात सोडला, त्यावर वाळूची पन्नास किलोची आठ पोती ठेवली आणि चारही कोपऱ्यांवर पाण्याच्या रेषेला गेरूने खूण केली. मला हे माहीत नव्हतं. मी सकाळी गाड्यांच्या रांगेसोबत पोचलो तेव्हा ते काठावर उकिडवे बसून कोपऱ्याकडे बघत होते. तीन खुणा जागेवर होत्या. चौथी चार बोटं पाण्याखाली गेली होती.

त्यांनी मला जवळ बोलावून हळू आवाजात विचारलं, "या पिंपाला काही झालं होतं का रे?"

मागे पंचवीस माणसं होती. भजन सुरू झालं होतं. पलीकडे पाच-सहा परिक्रमावासी येऊन बसले होते. मी म्हणालो, "हो काका. बुडबुडा आला होता. मी झाकला."

ते रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, "बुचाचा वॉशर?" मी तेही सांगितलं.

मग त्यांनी मला जे समजावलं ते मला आधी ठाऊक नव्हतं. खाली एकच बारीक छिद्र असेल आणि पिंप वरून घट्ट बंद असेल, तर ते सहसा भरत नाही. आतली हवा अडून राहते आणि पाण्याला आत यायला जागाच देत नाही. पाणी आत यायचं तर हवेला बाहेर जायला दुसरी वाट लागते. ती जुन्या वॉशरने दिली होती. आणि पुट्टी गंज न खरवडता लावली होती, ती गंजासकट सुटली होती. "एक झाकलंस, ते दुसऱ्याच्या भरवशावर होतं," काका म्हणाले, "आणि दुसरंही तूच झाकलेलं."

मग ते उठले आणि सगळ्यांना हात जोडून म्हणाले, "आज तराफा जाणार नाही. पिंप गळतंय. माफ करा."

काहीजण नाराज झाले, ते साहजिक होतं. एक ज्येष्ठ काकू म्हणाल्या, "एवढ्यात काय होतंय, मैय्या सांभाळेल." काका म्हणाले, "सांभाळलंच की. रात्रीतून दाखवलं ना तिने." प्रसाद काठावरच वाटला. परिक्रमावासींना गावातल्या ट्रॅक्टरने पुलावरून आणलं. मी त्यांचं सामान चढवत होतो आणि कोणाच्या डोळ्यांत बघवत नव्हतं.

इथे एक खरी घटना सांगायला हवी. १३ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे भोपाळच्या खटलापुरा घाटावर गणेश विसर्जनासाठी दोन नावा एकत्र जोडून त्यावर मोठी मूर्ती आणि तरुण मुलं नेली होती. नावा उलटल्या आणि ११ जण गेले. अंगावर लाइफ जॅकेट नव्हती. ती मुलंही देवाच्याच कामाला निघाली होती. आपल्या घरातली मुलं दरवर्षी विसर्जनाला जातात, म्हणून हे विसरू नये.

*काकांनी सांगितलेलं*

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी आणि काका चौकट सोडत बसलो होतो. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दादाला पाण्यात पाडलं ते मी."

तीसेक वर्षांपूर्वी श्रावणात बाबा याच तराफ्यावरून खताची पोती घेऊन येत होते. एक पिंप गळतंय हे काकांना आदल्या दिवसापासून माहीत होतं. शेवटची खेप, मग काढू, असं म्हणून त्यांनी सोडलं. मध्यावर कोपरा खाली गेला, पोती सरकली आणि बाबा पाण्यात गेले. दोर हाताला लागला म्हणून वाचले. काकांनी सगळ्यांना सांगितलं, वरून पाणी अचानक वाढलं. बाबांनी काही विचारलं नाही. त्यानंतर ते कधी नाल्याकडे आले नाहीत. वाटणीचं बोलणं पुढच्या वर्षी निघालं, आणि सगळ्यांना वाटलं की दुरावा त्याचाच आहे.

"म्हणून मी रात्रभर वजन ठेवतो," काका म्हणाले. "तुझ्यावर अविश्वास नव्हता. माझ्यावर होता."

पुढच्या गुरुवारी ते बसने इंदूरला आले. बाबांच्या खोलीत दोघं बसले. मी चहा घेऊन गेलो तेव्हा काकांचं सांगून झालं होतं. बाबा खिडकीतून बाहेर बघत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "आता पिंपं किती आहेत?" काका म्हणाले, "आठच." मग बाबा म्हणाले, "दोर कुठला लावलास? सुताचा नको. कुजतो."

एवढंच बोलणं झालं. पण त्या रात्री काका मुक्कामाला राहिले. आमच्या घरी ते राहिल्याचं मला आठवतच नव्हतं.

नवं पिंप बसवलं. सगळे वॉशर बदलले. तीन रात्री वाळूची पोती ठेवली, चारही खुणा जागेवर राहिल्या. लाइफ जॅकेट पाच आणली, ट्रॅक्टरची फुगवलेली ट्यूब दोर बांधून फळीवर ठेवली. गावच्या लोकांना आणि पंचायतीला विचारून महाशिवरात्रीला पहिली खेप केली, पैसे न घेता. पहिले प्रवासी एक म्हातारे आजी-आजोबा होते. काका दोर ओढत होते. बाबा तराफ्यावर बसले नाहीत. पण ते आले होते, आणि अलीकडच्या काठावर झाडाशी, दोराच्या गाठीवर हात ठेवून शेवटपर्यंत उभे होते.

*अभ्यास*

आपण भजनात रोज म्हणतो की सद्गुरू भवसागरातून पार नेणारे नावाडी आहेत. नावाड्याचं काम काय असतं, हे मात्र आपण क्वचित विचारतो. तुलसीदासांच्या मानसात, अयोध्याकांडात केवटाची गोष्ट आहे. दारात साक्षात श्रीराम उभे आहेत, तरी केवट म्हणतो, आधी पाय धुऊ द्या, मग नावेत बसा. शिळेची अहल्या झाली, माझ्या नावेचं काय होईल? आपण त्यात त्याची भक्ती बघतो, आणि ती आहेच. पण आता मला त्यात नावाडीही दिसतो. नावेवर पोट आहे आणि नावेची जबाबदारी त्याची आहे. देव आले म्हणून तो आपली अट सोडत नाही, आणि रामही रागावत नाहीत, हसून पाय पुढे करतात.

मी याच्या उलट केलं. चार लोकांत शब्द गेला होता, तो राखण्यासाठी मी पिंपाची अट सोडली. सेवेत माझं नाव खाली पडू नये, एवढंच त्यामागे होतं. ज्यांची सेवा करायची ते त्या क्षणी माझ्या डोक्यातही नव्हते.

यातून तीन गोष्टी मी माझ्यापुरत्या घेतल्या.

*१.* जुनी गोष्ट दुरुस्त करायची तर आधी ठोकून बघावी, ऐकावी. घरातल्या नात्यांनाही हे लागू आहे. गेल्या तीस वर्षांत बाबा-काकांच्या बोलण्यात बसका आवाज येत होता, आणि आम्ही 'वाटणी' हा रंग लावून पुढे जात होतो.

*२.* छिद्र पडणं हा दोष नव्हे. लोखंड आहे, गंजणार. काकांना मी बुडबुडा दाखवला असता तर एक सण हुकला असता, एवढंच.

*३.* तपासणी म्हणजे अविश्वास नव्हे. घरात मुलगा सुनेला, सासू सुनेला, बाप मुलाला "झालं का?" विचारतो आणि समोरच्याला टोचतं. काका आधी स्वतःचं काम तपासतात, म्हणून त्यांचं विचारणं मला आता टोचत नाही.

*मुलांसाठी प्रयोग*

साहित्य : एक लीटरच्या तीन रिकाम्या बाटल्या झाकणांसह, पाण्याची बादली, टाचणी. टाचणीने भोक मोठ्यांनी पाडून द्यावं.

पहिली बाटली झाकण घट्ट लावून तशीच. दुसरीला तळाशी टाचणीने एक भोक, झाकण घट्ट. तिसरीला तळाशी तसंच भोक, पण झाकण अर्धं सैल. तिन्ही बाटल्या तळाकडून पाण्यात दाबून हाताने धरा, झाकण पाण्याच्या वर राहू द्या, आणि दहा मिनिटं थांबा. कुठल्या बाटलीत किती पाणी आलं ते वहीत लिहा आणि का ते आजी-आजोबांना समजावून सांगा.

*घरी बोलण्यासाठी प्रश्न*

• आपल्या घरात अशी कुठली गोष्ट आहे, जिच्यावर रंग आहे पण जिचा आवाज बसका येतो?

• काम वेळेत होणं आणि काम नीट होणं यांत निवड करावी लागली, तेव्हा मागच्या वेळी आपण काय निवडलं?

• कोणी आपली चूक सगळ्यांसमोर कबूल केली, तर आपण आधी काय बोलतो?

*या आठवड्याचा नेम*

घरातल्या एका मोठ्या किंवा लहान माणसासोबत एक जुनी, बिघडलेली वस्तू दुरुस्त करायला घ्या. सायकल, शिलाई मशीन, देवघराचं दार, काहीही चालेल. एका रविवारी पूर्ण नाही झाली तरी चालेल. आणि मध्ये काही बिघडलं तर ते त्याच दिवशी सांगा.

ज्यांना नाल्यावर सेवेला यायचं आहे त्यांनी गटात कळवावं. एका खेपेला चारच जण, आणि लाइफ जॅकेट घालूनच. याबाबत काकांकडे शिफारस चालत नाही, माझी तर मुळीच नाही.

॥ शुभं भवतु ॥
नर्मदे हर 🙏